कोण हा गिटहब-ऑफिस?

एका मशीनवर गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) दोन खाती, एक खासगी आणि एक ऑफिसचं, नांदवायची, तर एसएसएचच्या (सुरक्षित लॉगिनच्या प्रोग्रामच्या) चाव्याही दोन लागतात. एकच पब्लिक की गिटहब दोन खात्यांना लावू देत नाही. मग एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये 'होस्ट गिटहब-ऑफिस' असं टोपणनाव ठेवायचं, खाली खरं होस्टनेम, यूझर 'गिट' आणि आयडेंटिटीफाइल, म्हणजे चावीच्या फाइलीचा पाथ. या टोपणनावाने रेपो (कोडचा साठा) हाताने क्लोन केला, म्हणजे उतरवला, की कसं झकास चालतं! तीच कमांड स्क्रिप्टमधून सुडोमागे (रूट या मुख्य यूझरच्या नावाने) किंवा रूटच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) गेली, की लॉगमध्ये 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम', म्हणजे या नावाचं मशीन सापडत नाही.

नेटवर्कवाल्याची झोपमोड करू नका, नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बिचारं निर्दोष आहे. घरातल्या बंड्याला शाळेच्या हजेरीपटात शोधलं तर तो सापडणार कसा? टोपणनाव आहे तुमच्या होम फोल्डरात आणि रूट बघतो स्वतःच्या. इथे हुशार मंडळी होम फोल्डरचा पाथ सांगणारं 'होम' व्हेरिएबल बदलून बघतात. ओपनएसएसएच (नेहमीचं एसएसएच) त्याला भीक घालत नाही. घर कुठलं, हे ते यूझरच्या सिस्टिममधल्या नोंदीवरून ठरवतं. त्यापेक्षा 'गिट एसएसएच कमांड' या व्हेरिएबलमध्ये 'एसएसएच', कॅपिटल एफचा पर्याय आणि कॉन्फिगचा पूर्ण पाथ द्या. आयडेंटिटीफाइललाही पूर्ण पाथच हवा. टिल्ड (~, म्हणजे होम फोल्डर) लिहिलात, तर स्वारी पुन्हा रूटच्या घरी.

आता नाव सापडतं आणि येतं 'रिपॉझिटरी नॉट फाउंड'. रेपो ब्राउझरमध्ये ढळढळीत दिसत असतो! मला विचाराल तर यासारखा लबाड एरर नाही. ऑफिसची की एजंटमध्ये (चाव्या मेमरीत धरून ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नसेल, तर एसएसएच आधी एजंटमधल्या बाकीच्या चाव्या पुढे करतं. गिटहब ओळखीची पहिली चावी घेतं आणि तुम्हाला खासगी खात्यातून आत सोडतं. त्या खात्याला ऑफिसचा प्रायव्हेट रेपो बघायची परवानगी नाही, आणि परवानगी नसलेल्याला रेपो आहे हेसुद्धा सांगायचं नाही, असा गिटहबचा खाक्या. उपाय एका ओळीचा: 'आयडेंटिटीजओन्ली येस', म्हणजे कॉन्फिगमध्ये सांगितलेलीच चावी पुढे करायची. तरी गडबड असेल, तर एसएसएचला कॅपिटल जी आणि टोपणनाव द्या. कुठेही कनेक्ट न होता ते अंतिम सेटिंग छापतं. 'होस्ट स्टार' (सगळ्या होस्टना लागू होणारा भाग) फाइलीच्या डोक्यावर बसवून त्यात दुसराच यूझर लिहिला असेल, तर तोही इथेच पकडला जातो. यूझरसारख्या सेटिंगमध्ये आधी सापडलेली किंमत जिंकते.

खातं तपासायला कॅपिटल टीचा पर्याय आहे. गिटहब 'हाय' म्हणून नाव घेतं, अभिनंदन केल्यासारखं बोलतं आणि एक्झिट कोड देतं 1, म्हणजे अपयशाचा. म्हणजे 'सेट ई' (कमांड फसली की थांब) लावलेली स्क्रिप्ट यशाच्या बातमीनेच गतप्राण!

सर्व्हरची होस्ट की (त्याच्या ओळखीची चावी) आणून देणाऱ्या एसएसएच-कीस्कॅनला टोपणनाव देऊ नका, ते कॉन्फिग वाचतच नाही. खरं होस्टनेम द्या. नोन होस्ट्समध्ये (ओळखीच्या सर्व्हरच्या यादीत) नोंद त्याच नावाने होते. मिळालेले फिंगरप्रिंट (कीचे छोटे ठसे) गिटहबने जाहीर केलेल्यांशी ताडून पाहा. गिटहबने मार्च 2023 मध्ये आरएसए होस्ट की बदलली, तेव्हा जुनी की जपून ठेवलेल्या स्क्रिप्ट बसल्या ओरडत.

आणि सबमॉड्यूल, म्हणजे रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो. मुख्य रेपो टोपणनावाने उतरतो, पण आतल्या गिटमॉड्यूल्स फाइलमध्ये खरा पत्ता असतो, तिथे टोपणनावाखालचं कॉन्फिग लागूच होत नाही. गिटच्या 'इन्स्टेडऑफ' सेटिंगने संस्थेच्या नावापर्यंतचा पत्ता टोपणनावावर वळवा. दोन्हीकडे शेवटचा तिरका दांडा ठेवा, नाहीतर त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या दुसऱ्या संस्थेचे रेपोही ऑफिसच्या चावीने उघडायला जातील.