हात लावू नये

सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात ‘क्विक स्टार्ट’ असं ज्या पानावर लिहिलेलं असतं, ते पान उघडण्याआधी मी डबा खाऊन घेतो. त्या पानात एकदा शिरलं की पुन्हा भूक लागेपर्यंत सुटका नसते, आणि तोवर कॅन्टीनचं शटर खाली आलेलं असतं.

यावेळचं फर्मान होतं, आपल्या एपीआय गेटवेला एआय असिस्टंट जोडायचा. साहेब कुठलासा वेबिनार ऐकून आले होते. “अरे, साध्या भाषेत विचारायचं, तो सगळं शोधून देतो. पाच मिनिटांचं काम आहे,” एवढं बोलून ते मीटिंगला गेले. पाच मिनिटांची कामं सांगणाऱ्या माणसांना कायम मीटिंग असते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडे काही मागायची ठरलेली रीत म्हणजे एपीआय. कंपनीत असे एपीआय शेकड्यांनी साठले की कुणाला आत सोडायचं, मिनिटाला किती वेळा सोडायचं, कुणाची की, म्हणजे आत शिरायची किल्ली, रद्द करायची, हे गेटवे बघतो. आमच्याकडे ‘पेमेंट-न्यू’, ‘पेमेंट-न्यू-फायनल’ आणि ‘पेमेंट-फायनल-हाच-वापरा’ असे तिघे नांदतात. यातला चालू कोणता, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं तो कॅनडाला गेला.

असिस्टंटला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडायची ठरलेली रीत म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी. अँथ्रोपिक या एआय कंपनीनं तो नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, पुढच्या मार्चमध्ये ओपनएआयनंही उचलून धरला. या प्रोटोकॉलच्या आवृत्त्या तारखेनं ओळखतात. आमच्या गेटवेवाल्यांचा, म्हणजे गेटवे बनवणाऱ्या कंपनीचा, सर्व्हर (असिस्टंट आणि गेटवेमधला दुभाषा प्रोग्रॅम) २०२४-११-०५ या तारखेवरच अडून बसला होता. २०२५-०३-२६ च्या आवृत्तीत नेटवरून जोडायची पद्धतच बदलली, हे त्याच्या गावीही नव्हतं. शेवटी नेटवरून जोडायचा नाद सोडला आणि सर्व्हर माझ्याच लॅपटॉपवर चालवायचं ठरलं.

त्यासाठी एका जेसॉन फाइलीत, म्हणजे ठरलेल्या व्याकरणात लिहिलेल्या सेटिंगच्या फाइलीत, चार ओळी घालायच्या. गेटवेवाल्यांच्याच पानावरचा नमुना जसाच्या तसा डकवला. असिस्टंट म्हणाला, फाइल वाचता येत नाही. त्यांच्या नमुन्यात शेवटच्या ओळीनंतर एक स्वल्पविराम होता, आणि जेसॉनला तो खपत नाही. तो खोडला, तर पुढे लाल अक्षरांत ‘स्पॉन एनपीएक्स ईएनओईएनटी’. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जो एनपीएक्स (सर्व्हर सुरू करून देणारा प्रोग्रॅम) गुमान धावत होता, तो असिस्टंटला सापडेना. आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या ॲपला टर्मिनलचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठे ठेवलेत तो पत्ता, ठाऊक असेलच असं नाही. हे शेजारच्या टेबलावर नुकत्याच लागलेल्या मुलीनं इअरफोन न काढता सांगितलं. “सर, पूर्ण पाथ द्या ना.” मी पाणी प्यायला उठलो.

परत आलो तर सर्व्हर चालू, तरीही जोडणी तुटलेली. याचं कारण तर मी फ्रेम करून लावणार आहे. या जोडणीत सर्व्हर आणि असिस्टंट स्टँडर्ड आउटपुटवरून, म्हणजे प्रोग्रॅम जिथे आपलं म्हणणं छापतो त्या वाटेनं, बोलतात, आणि तिथे जेसॉन-आरपीसीच्या, म्हणजे ठरलेल्या साच्यातल्या, निरोपांखेरीज एक अक्षरही यायचं नसतं. गेटवेवाल्यांच्या सर्व्हरनं मात्र सुरू झाल्या झाल्या तिथेच ‘सर्व्हर इज रेडी’ असं छापलं होतं, वर रॉकेटचं चित्र. ऐन मंगलाष्टकांत मांडवामागून कुणीतरी “श्रीखंड आलं का?” असं ओरडावं, तसा प्रकार. मजा अशी, की सर्व्हर तयार नव्हता म्हणून काही बिघडलं नाही. तयार आहे हे सांगितलं म्हणून बिघडलं.

रॉकेट उतरवलं. आता टोकन, म्हणजे गेटवेत शिरायचा पास. त्यासाठी सिक्युरिटीवाल्यांचा फॉर्म. त्यात एम्प्लॉयी कोड, रुजू होण्याची तारीख आणि रिपोर्टिंग मॅनेजर, तिन्ही रकाने अनिवार्य. “असिस्टंटला कोड कुठून आणू?” मी विचारलं. “मग तो एम्प्लॉयी नाही का?” “नाही.” “मग व्हेंडरचा फॉर्म भरा.” व्हेंडरच्या फॉर्मात जीएसटी क्रमांक अनिवार्य होता. अखेर तो माझ्याच नावावर आत शिरला, फक्त वाचण्यापुरता. तोवर त्याला दारातूनच ४०१ मिळत होता, म्हणजे ‘तू कोण?’ टोकन आल्यावर ४०३ मिळू लागला, म्हणजे ‘कोण ते कळलं, पण नाही.’ सरकारी कचेरीत कामं केलेल्या माणसाला ही प्रगती लगेच ओळखू येते.

आणि एका दुपारी तो जोडला गेला. गेटवेनं एकेका एपीआयचं एकेक टूल, म्हणजे असिस्टंटला वापरता येईल असं हत्यार, करून वर्णनासकट त्याच्यापुढे ओतलं. मी अजून काही विचारलंही नव्हतं, तर त्याची निम्मी स्मृती नुसती वर्णनं वाचण्यात खर्ची पडली. ती वर्णनं आम्हीच वर्षानुवर्षं लिहिलेली होती: ‘डेटा सिंक करतो’. ‘वरच्याप्रमाणेच’. ‘नंतर लिहू’. आजवर ती कुणी वाचली नव्हती, कारण माणसाला शंका आली की तो खुर्ची सरकवून शेजारच्याला विचारतो. हा पहिलाच, ज्यानं ती मन लावून वाचली आणि वर त्यांवर विश्वास ठेवला. “‘नंतर लिहू’ या एपीआयद्वारे तुम्ही मजकूर नंतर लिहू शकता,” असं त्यानं मला समजावून सांगितलं. मग प्रत्येक टूलबद्दल पुन्हा पुन्हा चौकशी करून त्यानं तासाभराचा कोटा संपवला आणि आमच्याच गेटवेनं आम्हाला ४२९, म्हणजे ‘फार वेळा आलात’, दाखवून बाहेर काढलं.

साहेबांसमोरच्या डेमोत मात्र त्यानं बाजी मारली. “कोणते एपीआय बंद करता येतील?” असं विचारताच टेबल, टक्केवारी, ठळक अक्षरं. सगळ्यात वर एक एपीआय: गेल्या ९० दिवसांत एकही कॉल नाही, निर्धास्त काढून टाका. साहेब खूश. तेवढ्यात मागून आमच्या लीड मॅडम किंचाळल्या, “अरे, तो ३१ मार्चचा आहे!”

खोलीत शांतता. हा एपीआय वर्षातून एकदाच, इयर एन्डच्या रात्री चालतो आणि वर्षाचे हिशेब बंद करतो. गेटवे आकडे ठेवतो ९० दिवसांचेच, आणि आम्ही होतो सप्टेंबरात.

“अगदी योग्य मुद्दा मांडलात!” असिस्टंट म्हणाला. त्याला कशाचंच वाईट वाटत नाही, ही त्याची खरी ताकद.

मॅडमनी मला सरकवलं, कीबोर्ड ओढला आणि त्या एपीआयच्या वर्णनात स्वतः टाइप केलं: ‘हात लावू नये. ३१ मार्चला लागतो. शंका असल्यास आधी मला विचारावे.’

साहेबांनी विषय बदलण्यासाठी विचारलं, “बरं, मग यातला सर्वांत व्यवस्थित डॉक्युमेंट केलेला एपीआय कोणता?”

त्यानं शेकडो वर्णनं पुन्हा चाळली आणि मॅडमच्या त्या तीन ओळी वाचून दाखवल्या.