थ्रॉटल व्हॉल्व्ह जुना, म्हणून पेटंट नाही?

‘बटरफ्लाय व्हॉल्व्ह वाफेच्या इंजिनापासून आहे. तबकडी, दांडा, स्प्रिंग, मोटर, सेन्सर सगळं जुन्या पेटंटांत सापडतं. त्यामुळे थ्रॉटलच्या नव्या डिझाइनला पेटंट मिळूच शकत नाही. मुदत संपलेली पेटंटं तेवढी मोजायची नसतात.’ थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, आणि बटरफ्लाय म्हणजे नळीत फिरणाऱ्या तबकडीची झडप; त्यांच्याबद्दल असा मजकूर बराच फिरतो आहे. शेवटची दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात, हे पुढे पाठवणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

पहिलं वाक्य मान्य. जेम्स वॅटने १७८८ मध्ये गव्हर्नर (इंजिनाचा वेग आपोआप राखणारी यंत्रणा) जोडला तो वाफेच्या थ्रॉटल व्हॉल्व्हलाच.

पण भाग जुने म्हणून नावीन्य जात नाही. क्लेममधले (पेटंटात नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणाऱ्या कलमातले) सगळे घटक, त्याच जोडणीसह, एकाच जुन्या दस्तऐवजात असतील तरच ते जातं. एका पेटंटातली तबकडी आणि दुसऱ्यातली स्प्रिंग घेऊन गोधडी शिवली, तर तो नावीन्याचा नव्हे, उघडपणाचा, म्हणजे जाणकाराला हे सहज सुचलं असतं असा, आक्षेप होतो.

खरी लढाई तिथेच. २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात, सरकवता येणारं अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा सेन्सर यांची जोडणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उघड ठरवली. म्हणून प्रत्येक जोडणी उघड ठरते असं नाही. झडप जवळजवळ बंद असताना कोन किंचित बदलला तरी हवा एकदम वाढते. म्हणून नळीच्या भिंतीला आतून गोलाई देतात. नुसत्या गोलाईवर आज क्लेम टिकणार नाही. पण समजा, गोलाईची सुरुवात लिम्प-होमच्या कोनाशी (थ्रॉटलचं नियंत्रण बिघडल्यावर गाडी हळू चालवता यावी म्हणून झडप जितकी उघडी राहते त्या कोनाशी) बांधली, त्यामुळे काजळी साचूनही हवेचं प्रमाण टिकतं हे चाचणीत दिसलं, आणि तसं करायला सुचवणारं जुनं काहीच सापडलं नाही. मग बाजू मांडायला जागा आहे.

मुदतीचं म्हणणं तर साफ चूक. मुदत संपली की मक्तेदारी संपते, छापलेला मजकूर पुसला जात नाही. परीक्षक शंभर वर्षांपूर्वीचं पेटंटही पुढे ठेवू शकतो.

आणि जुन्या पेटंटांची शोधाशोध पेटंट वर्गीकरणातल्या एफ०२डी ९/१० या इंजिनाच्या वर्गावर थांबवू नये. पाइपलाइनसह सर्वसाधारण बटरफ्लाय व्हॉल्व्ह एफ१६के १/२२ मध्ये असतात. गळती रोखायची तुमची युक्ती तिथे आधीच सापडू शकते.