‘थर्माकोलची स्पर्धा’ म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

‘इतिहास प्रकल्प स्पर्धा म्हणजे आईबापांनी रात्र जागून कापलेलं थर्माकोल, मुलांच्या पदरात काय?’ असं तुम्ही लिहिलंत. यातला राग मला समजतो. देवगड तालुक्यातल्या एका शाळेत मी परीक्षक होतो, तेव्हा आम्ही पहिला नंबर दिवे लावलेल्या किल्ल्याला दिला. त्या मुलाला एकही प्रश्न विचारला नाही. चूक आम्हा परीक्षकांची होती.

पण म्हणून स्पर्धाच नकोत, हे पटत नाही. अमेरिकेतली ‘नॅशनल हिस्टरी डे’ ही शाळकरी मुलांची इतिहास स्पर्धा १९७४ साली क्लीव्हलँडमध्ये सुरू झाली. मुलं निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्यप्रयोग, वेबसाइट यांतलं एक निवडतात. सोबत साधनांची यादी लागते. मूळ साधनं वेगळी, नंतरची पुस्तकं वेगळी, आणि प्रत्येकापुढे ते कशाला उपयोगी पडलं याचं टिपण. परीक्षक मुलांना प्रश्न विचारतात. मूल्यमापनात ८० टक्के वजन इतिहासाला, मांडणीला २०. थर्माकोल कितीही सुबक कापा, ते त्या २० मध्येच बसतं.

आता विजयदुर्गचं बघा. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून आपण सगळेच सांगत आलो की १८६८च्या सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथून हेलियम वायू शोधला. गेल्या वर्षी सातवीतल्या दोघींनी विचारलं, ‘काका, तो तेव्हा इथे होता हे कुठे लिहिलंय?’ मला सांगता येईना. त्या शोधत राहिल्या. १८ ऑगस्ट १८६८चं ग्रहण पाहिलं ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने, गुंटूरहून. सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा लॉकियरला दिसली २० ऑक्टोबरला, इंग्लंडात, ग्रहण नसताना. विजयदुर्गला तो आला खरा, पण जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी!

दोघींनी तक्त्यावर दोन्ही सालं शेजारी शेजारी लिहिली. बंदरावरचे एक आजोबा चिडले, ‘माझ्या आज्यान सांगलेलां खोटां काय गो?’ मुलींनी त्यांचं म्हणणंही जसंच्या तसं उतरवून घेतलं, वर तारीख घातली आणि ‘ऐकीव माहिती’ या मथळ्याखाली लावलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तक्ता साध्या कार्डशीटचा, एका कोपऱ्यात डिंक सांडलेला. सर, मी तो अजून जपून ठेवलाय.

तुमची एक सूचना मात्र घेतो. यंदा कापणं-चिकटवणं सगळं शाळेतच, शनिवारी दुपारी. घरून फक्त कागदपत्रं, फोटो आणि आजी-आजोबांच्या आठवणी आणायच्या. प्रश्न विचारायला माणसं कमी पडतात. तुम्ही याल का?