आजोबांची छत्री

आज पणजीत कामाला गेलेलो, पार्किंग मिळेना म्हणून गाडी लांब लावून आझाद मैदानातून चालत येत होतो. तिथल्या मंडपात एक पोरगा रील करत होता, आणि मोबाइलकडे बघून बोलतो काय, तर इथे अल्बुकर्कचा, म्हणजे गोवा जिंकणाऱ्या त्या पोर्तुगीजाचा, पुतळा परत आणून बसवा, काय भारी लुक येईल, टूरिस्ट लाइन लावतील!! डोकंच फिरलं माझं.

अरे बाबा, आता तिथे कोणाचं स्मारक आहे ते तरी वाच. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले. १९४६ ला पकडून आठ वर्षांची शिक्षा ठोकली, पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं, १९५८ ला मुंबईत गेले, गोव्याची मुक्ती काही बघायला मिळाली नाही. त्यांना उठवून तुला लुक आणायचाय?

आमचे आजोबा पोर्तुगीजांचं राज्य असताना डिचोलीहून कोर्टाच्या कामाला पणजीत यायचे. त्या मंडपासमोरून जाताना छत्री उघडून पुतळ्याच्या बाजूला कलती धरायचे. भर दुपारी ठीक, पण ऊन उतरल्यावरसुद्धा! संध्याकाळी पोलिसाने हटकलं असतं तर काय सांगितलं असतं देव जाणे. तुरुंगात बिरुंगात कधी गेले नाहीत, त्यांचा सत्याग्रह तेवढाच.

आता लगेच कमेंटमध्ये येऊ नका की १५१० ला अल्बुकर्कला तिमय्या या इथल्या हिंदू सरदारानेच बोलावला, आदिलशाही नको होती म्हणून. बोलावला, मान्य. मग शहर घेतल्यावर मुसलमानांची कत्तल केली तेही सांगा की. आणि पाव, घरं, आडनावं सगळं आपलंच आहे, मी कुठे नाही म्हणतो? त्या मंडपाचे खांबसुद्धा जुन्या गोव्यातल्या दोमिनिकन चर्चचे आणून लावलेले, किती देखणे आहेत. राहू देत की खांब.

पुतळा फोडा असंही मी म्हणत नाही हां. ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये आहे तो, हौस असेल त्याने तिकीट काढून बघावा. कॉलेजात असताना मीच आजोबांना घेऊन गेलेलो. दाराशी छत्री ठेवायला सांगितली तर सोडेनात, काखेत मारून तसेच आत. त्या लांब दाढीवाल्यासमोर उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं, मागे सरून परत बघितलं. मला वाटलं आता शिव्या घालणार, गार्ड पण बघायला लागला. तर हळूच माझ्या कानात कोकणीत, "हो तोच मरे?" (हा तोच ना रे?)

छत्रीआडून कधी तोंडच बघितलं नव्हतं ना त्याचं.