चूक त्या पोरीची नव्हती

आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही मला. २० तारीख, थ्रीबीचा, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नचा शेवटचा दिवस, आणि आमच्या सीए ऑफिसातली आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली शिकणारी पोरगी, एरवी एकदम चोख काम, तिने एका पार्टीचा, म्हणजे क्लायंटचा, आयटीसीचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) आकडा दुसऱ्या पार्टीच्या वर्किंगमध्ये टाकला. फाइल करायच्या आधीच पकडलं, कुणाचं एक रुपयाचं नुकसान नाही. पण साहेबांनी "लक्ष कुठे असतं तुझं" म्हणत सगळ्यांसमोर असं झापलं की पोरगी दुपारी डबा खायलासुद्धा उठली नाही.

मी जाऊन तिची स्क्रीन बघितली. दोन पार्ट्यांची परचेस रजिस्टरं, दोघांच्या टूबी (म्हणजे खरेदीवरच्या आयटीसीची पोर्टलवरची यादी), टॅली, जीएसटीचं पोर्टल, बँक स्टेटमेंटची पीडीएफ, वरून व्हॉट्सॅप, कारण पार्टी बिलांचे फोटो तिकडेच टाकते. सगळं एकावर एक. खाली दोन्ही शीटची नावं 'परचेस रजि…' इथेच तुटलेली. विंडो बदलायचं ऑल्ट-टॅब एकदा जास्त दाबलं गेलं की झालं. यात लक्षाचा काय संबंध, सांगा ना?

कॉम्प्युटरला ही शीट आहे आणि तो ब्राउझर आहे एवढंच कळतं, कुठली विंडो कुठल्या पार्टीची हे त्याला माहीतच नाही, ते सगळं त्या पोरीने डोक्यात धरायचं, दिवसभर, २० तारखेला!

आणि यावर उपाय कुणाला सुचलाच नव्हता असं नाही, राग त्याचाच येतो. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) नावाच्या लॅबमध्ये १९७३ ला ऑल्टो नावाचा कॉम्प्युटर बनला, कागदासारखी उभी स्क्रीन, तिथेच या एकावर एक विंडो आल्या. त्या काळी ग्रेटच होतं ते, मान्य. पण त्याच लॅबमधल्या हेंडरसन आणि कार्ड या दोघांनी १९८६ मध्ये 'रूम्स' दाखवलं: प्रत्येक कामाची वेगळी खोली, त्या कामाच्या सगळ्या विंडो तिथेच, आणि एखादी दोन्हीकडे लागत असेल तर ती दोन्ही खोल्यांत ठेवता यायची. १९८६! ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचा प्रोजेक्ट ज्याने सुरू केला त्या जेफ रास्किनने तर १९८७ च्या कॅनन कॅट या कॉम्प्युटरमध्ये विंडोच ठेवल्या नाहीत. आणि आपण अजून मिनिमाइझ-मॅक्सिमाइझ करत बसलोय.

हो, २०१२ ला विंडोज ८ ने नवी ॲप्स फुलस्क्रीन करून बघितली आणि लोकांनी शिव्या घातल्या. बरोबरच होतं, टूबी आणि रजिस्टर शेजारी-शेजारी नको का मॅच करायला? पण ते फसलं म्हणून विषयच बंद करायचा? व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच स्क्रीनचे वेगवेगळे कप्पे, आहेत, तेही मान्य, पण मशीन रीस्टार्ट करा, कप्पे राहतात आणि आतलं सगळं गायब.

मी लागले तेव्हा ऑफिसात प्रत्येक पार्टीची बॉक्स फाइल असायची. बिलं, चलनं, पासबुकाची झेरॉक्स, साहेबांनी पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, सगळं एकाच जागी, वर मार्करने पार्टीचं नाव. टेबलावर एका वेळी एकच उघडायची असा नियम होता. त्या पोरीला तेवढंसुद्धा मिळत नाहीये. बार्शीहून आलीये, हॉस्टेलला राहते, सीए इंटरचा अभ्यास रात्री करते. संध्याकाळी मला म्हणाली, "मॅडम, मला हे जमणार नाही बहुतेक." पोटात कालवलं हो.

माझ्या लिस्टमधल्या हिंजवडी-बाणेरच्या आयटीवाल्यांनो, तुम्हालाच विचारतेय. पार्टीचं नाव टाकलं की तिचं सगळं एकत्र उघडावं, बंद केलं की एकत्र बंद, सकाळी जिथे सोडलं तिथेच सापडावं. आणि एका पार्टीचा आकडा दुसरीकडे पेस्ट व्हायला लागला तर मशीनने थांबवून विचारावं, हा तिकडचा आहे, टाकू का? प्रत्येक कोपऱ्यात एआयचं बटण बसवता येतं तर एवढं नाही येत? कुणी असं बनवत असेल तर आमच्या ऑफिसात आणून बसवा, साहेबांकडून पैसे मी काढून देते.