वचननामा राहू द्या, आधी प्रतिज्ञापत्र दाखवा

निवडणूक लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर वचननामे फिरायला लागतात. हात जोडलेला फोटो, खाली विकासाची गंगा. मी ते वाचणं सोडून दिलंय. वचन द्यायला पदरचं काही जात नाही आणि मोडलं तर कुठल्या कोर्टात जायची सोय नाही. उमेदवाराकडे मागायचंच असेल, तर जे आज तपासता येतं किंवा पाच वर्षांनी तपासता येईल, तेवढंच मागावं.

यातला पहिला कागद कायद्यानेच आपल्याला दिलाय. उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. तो सुखासुखी मिळालेला नाही. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या पक्षांचं यावर लगेच एकमत झालं आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यात ३३ ब हे कलम घुसवलं गेलं. न्यायालय काहीही म्हणो, या कायद्यात लिहिलंय त्यापलीकडे माहिती द्यायची नाही! मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. जो कागद लपवायला एवढी धडपड झाली, तो आज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट असतो आणि आपण उघडूनही बघत नाही. अकरा महिन्यांच्या भाडेकरूची पोलीस पडताळणी करणारी माणसं आपण.

वाचायचं कसं? गुन्हे किती, या आकड्यावर थांबू नका. रास्ता रोको, जमावबंदी मोडली, असल्या केसेस ज्याच्या नावावर आहेत तो मला उलट बरा वाटतो. निदान रस्त्यावर उतरला होता. फसवणूक, खंडणी, खुनाचा प्रयत्न, बायकांवरचे अत्याचार, हे प्रकरण वेगळं. कलम वाचा आणि आरोप निश्चित झालेत का, तेही वाचा. (१ जुलै २०२४ पासूनचे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली येतात. तेव्हा ४२० कुठे दिसलं नाही म्हणून खूश होऊ नका, फसवणूक आता ३१८ मध्ये आहे.) शिवाय गुन्हे असलेल्याला तिकीट का दिलं, हे पक्षाने जाहीर करायचं असतं. फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, आणि नुसतं 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण त्यात चालत नाही. ते कारण मागून घ्या. उत्तर वाचून करमणूक तरी होईल.

खरी गंमत मालमत्तेच्या पानांत आहे. स्वतः घेतलेल्या जमिनीपुढे खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत आणि आजचा बाजारभाव, असं सगळं वेगवेगळं लिहावं लागतं. एकूण बेरीज बघून 'संपत्ती तिप्पट झाली' असा ओरडा करण्यात अर्थ नाही. जुन्या जमिनीचा भाव बसल्या जागी चढतो, त्यात उमेदवाराचा गुन्हा नाही. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा आणि मधल्या काळात नवं काय घेतलं, तेवढं शोधा. त्याच कागदात प्राप्तिकर विवरणपत्रातलं पाच वर्षांचं उत्पन्नही असतं. त्यात ही खरेदी बसते का? बसत नसेल तर कर्ज दाखवलंय का, आणि कुणाकडून घेतलंय? जोडीदाराच्या उत्पन्नाचं साधन काय लिहिलंय? त्याखालीच सरकारी कंत्राटांची माहिती असते, स्वतःची आणि घरच्यांची. माझ्या मते अख्ख्या प्रतिज्ञापत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. ज्या खात्याचा ठेका घरात, त्या खात्याच्या मंत्र्याला हा माणूस सभागृहात काय धारेवर धरणार?

खोटी माहिती दिली तर शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, किंवा नुसता दंड. त्या धाकाने कुणी सुधारेल असं मला वाटत नाही. म्हणून प्रश्न भर सभेत विचारावा. "साहेब, अमुक साली घेतलेली जमीन कुठल्या पैशातून घेतली?" कार्यकर्ते अंगावर येतील, तेव्हा एकट्याने जाऊ नका.

दुसरं, माणूस ज्या कामासाठी उभा आहे त्या कामाबद्दल विचारा. आपण खासदाराला गटार मागतो आणि नगरसेवकाला देशाचं परराष्ट्र धोरण विचारतो, मग तेही तशीच उत्तरं देतात. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. तो फक्त कामं सुचवतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. तरी 'यांच्या निधीतून' अशी पाटी बसस्टॉपवर लागते, जणू घरून आणले होते. आधी निवडून आलेला असेल तर सभागृहात कुठले प्रश्न विचारले ते विचारा. लोकसभेचं हे रेकॉर्ड नेटवर आहे. नवखा असेल तर पहिला प्रश्न कशावर विचारणार, हे लिहून घ्या. उत्तर द्यायला लागलेला वेळच बरंच सांगून जातो.

तिसरं, पक्ष बदलाल का? पक्षांतरबंदी १९८५ ला आली, २००३ मध्ये एक तृतीयांश आमदार-खासदारांच्या फुटीची पळवाट बंद झाली, पण दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण केलं तर चालतं. म्हणजे किरकोळीत गेलात तर आमदारकी जाते, घाऊक गेलात तर वाचते. २०२२ आणि २०२३ नंतर महाराष्ट्राला यावर आणखी काही सांगायला नको. आमदार-खासदाराला परत बोलावण्याची सोय आपल्याकडे नाही. म्हणून सही करून मागायचं: पक्ष सोडला तर राजीनामा देईन आणि पुन्हा मत मागायला येईन. कायद्याने त्या कागदाला किंमत शून्य, मान्य. पण पुढच्या वेळी तो फोटोसकट फिरवता येतो. सही करायला जो नाही म्हणेल, त्याचं उत्तर आजच मिळालं.

खर्चाचा हिशोबही निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो. महाराष्ट्रात लोकसभेला मर्यादा ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, त्यामुळे त्या हिशोबाकडून मला फारशी आशा नाही.

"एवढं वाचायला वेळ कुणाला आहे?" असं कुणीतरी म्हणणारच. एकट्याने कशाला वाचता? एकाने गुन्हे बघा, एकाने जमिनी, एकाने कंत्राटं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका, सुप्रभातच्या फुलांच्या मध्ये. सगळ्या उमेदवारांचं टाका, फक्त नावडत्याचं नको. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेनंतर मतदानापर्यंत कायद्यानेच किमान दोन आठवडे मिळतात. तेवढे पुरतात.