बायका आल्या म्हणून संगीत नाटक संपलं?

जून-जुलैत, स्त्रीभूमिका गाजवणारे गायक-नट बालगंधर्व यांची जयंती आणि पुण्यतिथी जवळ आली की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. थोडक्यात तो असा: १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि मराठी रंगभूमीवर पहिल्यांदा स्त्री आली. ती आली तीही संगीतकार केशवराव भोळ्यांची पत्नी म्हणून. पुढच्या सगळ्या गायिका-नटींनी बालगंधर्वांची नक्कल केली, पण ती कुणालाच साधली नाही. आणि बायका आल्या तसं संगीत नाटक संपलं.

बालगंधर्वांच्या गाण्यावर माझं मनापासून प्रेम आहे. त्यांचं नाव पुढे करून हे सांगितलं जातं, म्हणूनच ते जास्त लागतं. एकेक विधान घेऊन बोलू.

आधी ‘पहिली स्त्री’. ज्योत्स्नाबाईंच्या कितीतरी आधी कमलाबाई गोखले चित्ताकर्षक नाटक मंडळीतून रंगमंचावर काम करत होत्या. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत दोघी पडद्यावर दिसल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या फक्त बायकांच्या कंपन्या गावोगाव नाटकं करत होत्या, आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. हिराबाई पेडणेकरांचं ‘संगीत दामिनी’ १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक कंपनीने रंगभूमीवर आणलं, म्हणजे स्त्रीने लिहिलेलं संगीत नाटकही तोवर प्रेक्षकांनी पाहिलं होतं. आणि हिराबाई बडोदेकर? अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. भाऊ सुरेशबाबू आणि बहीण कमलाबाई यांच्या साथीने तिने नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेतून ‘सौभद्र’ केलं. त्यात सुभद्रा स्वतः हिराबाई. हे १९३३च्या आधीचं आहे.

मग १९३३ साली नवीन काय घडलं? बरंच घडलं. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते अशा मंडळींनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था काढली आणि ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावरून वर्तकांनी ‘आंधळ्यांची शाळा’ बेतलं. स्त्रीला एक नीती आणि पुरुषाला दुसरी, हा त्याचा विषय. रात्र रात्र चालणारा खेळ आटोपशीर झाला, रंगवलेल्या पडद्यांच्या जागी घरातली खरीखुरी वाटेल अशी खोली आली, पदं मोजकी झाली. आणि स्त्री-पुरुष एकत्र, आजच्या घरातल्या माणसांसारखे बोलू लागले. पांढरपेशा घरांनी नाटकातल्या बाईला ‘आपल्यातली’ म्हणून स्वीकारायला सुरुवात केली ती इथून. तिथेही ज्योत्स्नाबाई एकट्या नव्हत्या, पद्मावती वर्तकही त्या नाटकात होत्या. फिरत्या मजकुरात त्यांचं नावच नसतं.

माझा खरा राग आहे तो इथे. ‘पहिली स्त्री’ म्हणताना मनात असते ‘पहिली घरंदाज स्त्री’, आणि तो एक शब्द गाळला की कलावंतिणींच्या, नायकिणींच्या घरांतून आलेल्या बायका जणू स्त्रियाच नव्हत्या असा अर्थ होतो. मराठी संगीत ज्यांच्या गळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्यांना एका वाक्यात पुसून टाकायचं आणि वर त्याला गौरव म्हणायचं. ज्योत्स्नाबाईंचा मान यामुळे तिळभरही वाढत नाही.

दुसरं विधान, ‘केशवरावांची पत्नी म्हणून’. ज्योत्स्नाबाई मूळच्या दुर्गा केळेकर, गोव्यातल्या बांदिवड्याच्या, जन्म १९१४चा. थोरल्या बहिणीबरोबर, गिरिजाबाईंबरोबर, त्या लहानपणी मुंबईला आल्या आणि लग्नाआधीच रेडिओवर गात होत्या. गळा तयार होता, लोकांच्या कानावर पडलेला होता. केशवरावांचा वाटा कुणी नाकारू नये. ‘आंधळ्यांची शाळा’चं संगीत त्यांचं, आणि ‘एकलेपणाची आग लागली हृदया’ हे पद ऐकलं की कळतं, शब्दांचा अर्थ ताना-पलट्यांखाली दबू न देता कसं गाता येतं हे त्या दोघांनी मिळून शोधलं होतं. पण ‘मिळून’ हा शब्द विसरायचा नाही. चाल कागदावर असते तेव्हा ती अर्धीच असते. एकोणीस वर्षांची मुलगी ती प्रेक्षकांसमोर गाते, आणि तेही तेव्हाच्या प्रेक्षकांसमोर, ज्यांना पदाला पाच-सहा वन्समोअर देऊन तेच पद पुन्हा पुन्हा घोळवून ऐकायची सवय होती.

शिवाय त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा टप्पा केशवरावांच्या संगीताचा नाहीच. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ आणलं. नाटक रांगणेकरांचं, पदंही त्यांचीच, संगीत मास्टर कृष्णरावांचं. भानुमती ही शिकलेली, कर्तबगार बायको सिनेमात काम करू लागते, तिचं नाव होतं, आणि नवऱ्याच्या अहंकाराला ते सोसत नाही. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ नाटकातल्या नोराची आठवण यावी असं कथानक, पण भाषा, घर, माणसं सगळी मुंबई-पुण्याची. कमावत्या, गाजलेल्या बाईची ही भूमिका करणारी बाई स्वतः कमावती आणि गाजलेली होती. हा योग प्रेक्षकांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. पुरुषाने स्त्रीवेष घेऊन भानुमती केली असती तर हे नाटक उभंच राहिलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. तिथे लावण्य, नाजूक हालचाली, शालू नेसण्यातलं देखणेपण यांचा उपयोग नव्हता. स्वतःच्या मिळकतीमुळे स्वतःच्याच घरात अपराधी ठरवल्या गेलेल्या बाईचा आवाज हवा होता.

आता तिसरं, नकलेचं. मास्टर कृष्णराव म्हणजे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतच वाढलेले. बालगंधर्वांच्या ‘कान्होपात्रा’चं संगीत त्यांचं. तेच संगीतकार अकरा वर्षांनी ‘कुलवधू’च्या चाली बांधतात. नक्कलच व्हायची असती तर इथे सगळी तयारी होती. प्रत्यक्षात काय झालं ते कानांनी तपासता येतं. बालगंधर्वांचं ‘अवघाचि संसार’ आधी ऐका आणि लगेच ‘कुलवधू’तलं ज्योत्स्नाबाईंचं ‘क्षण आला भाग्याचा’ लावा. बालगंधर्व सूर लाडाने खेळवतात, समेवर येताना ऐकणाऱ्याचा श्वास अडकवून ठेवतात आणि मग सोडतात. ज्योत्स्नाबाई पद लहान ठेवतात, हरकत झटकन घेऊन शब्दाकडे परततात, आणि पद संपलं की पुढचा संवाद तुटल्यासारखा वाटत नाही. त्याच नाटकातलं ‘बोला अमृत बोला’ तर भैरवीतलं. आपल्याकडे मैफलीत भैरवी झाली की लोक उठायला लागतात. इथे त्याच भैरवीत एका घरातला आनंद मांडला आहे, आणि ऐकताना निरोपाची छाया मनात येत नाही. याचं श्रेय चालीला जेवढं, तेवढंच ती गाणाऱ्या गळ्याला.

आणि सगळ्याच गायिका-नटी सारख्या असंही नाही. हिराबाईंचा स्वर किराणा घराण्याचा, शांत, लांब पट्ट्याचा. फैयाज यांच्या गाण्यात ठुमरीची धग. आशालता वाबगावकरांनी ‘मत्स्यगंधा’त ‘गर्द सभोती रान साजणी’ म्हटलं ते जितेंद्र अभिषेकींच्या नव्या वळणाने, गंधर्व ढंगापासून कोसभर दूर. ज्यांनी खरोखर गंधर्व गायकी पुढे नेली त्या जयमालाबाई शिलेदार. त्यांनी प्रत्यक्ष बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर काम केलं होतं. पुरुष शिष्याने गुरूची गायकी उचलली की आपण तिला परंपरा म्हणतो. बाईने तेच केलं की नक्कल का?

शेवटचं विधान, बायका आल्या आणि संगीत नाटक संपलं. सालं पाहिली तरी हे उलटं पडतं. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मार्च १९३१चा, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा. बोलपटात गाणी होती, तिकीट स्वस्त होतं, आणि एकाच दिवशी अनेक गावांत खेळ लागत होता. नाटकगृहं पटापट सिनेमागृहं झाली. करमणूक कराचा कायदा मुंबई इलाख्यात १९२३ सालीच आलेला होता. भरजरी शालू, अत्तरं, सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला थिरकवाँसाहेब, या थाटात चालणाऱ्या गंधर्व मंडळीवर कर्जाचा बोजा बोलपटाच्या आधीपासून होता. खुद्द बालगंधर्व प्रभातमध्ये गेले आणि १९३५च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. यात एकाही नटीचा दोष शोधून सापडत नाही. पुढे बालगंधर्वांच्या स्वतःच्या कंपनीत गायिका-नटी गोहरबाई कर्नाटकी नायिकेच्या भूमिका करू लागल्या आणि ते पुरुषभूमिकांत उतरले. कंपनीचा गाडा त्यानंतरही काही काळ चालू राहिला, तो गोहरबाई होत्या म्हणून.

आणि संपलं म्हणजे नेमकं केव्हा संपलं? ‘कुलवधू’ १९४२चं. ‘मत्स्यगंधा’ १९६४चं. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७चं. ‘स्वरसम्राज्ञी’ १९७२चं, आणि ते ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या कीर्ती शिलेदार तेव्हा विशीत होत्या.

शिलेदार घराबद्दल मात्र दोन ओळींत भागणार नाही. १९४९ साली पुण्यात ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था उभी राहिली. जयराम आणि जयमालाबाई, पुढे लता आणि कीर्ती या मुली. ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ ही नाटकं ग्रंथालयात पडून न राहता गावोगावी उभी राहत राहिली ती या घरामुळे. दिवसा प्रवास, संध्याकाळी ऑर्गन-तबला लावून होतो न होतो तोच तिसरी घंटा, आणि दहा-बारा पदं गाऊनही गद्य संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे. शास्त्रीय मैफलीत गवई बसून गातो, घसा धरला तर पाणी पिऊन थांबू शकतो. संगीत नाटकात नटी उभ्याने, चालत, रडत गाते आणि पुढच्याच क्षणी संवाद पकडते. हे काम या बायकांनी वर्षानुवर्षं केलं, आणि तेही कंपन्या मोडल्यानंतर, राजाश्रय आटल्यानंतर. जयमालाबाईंना २०१३ साली पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी त्या गेल्या. कीर्तीताई २०१८ साली मुलुंडच्या अठ्ठ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२२च्या जानेवारीत गेल्या. ज्या काळाला हा मजकूर ‘संपलेला’ म्हणतो, त्याच काळात या दोघींची अख्खी हयात रंगमंचावर गेली.

ज्योत्स्नाबाईही ‘कुलवधू’पाशी थांबल्या नव्हत्या. मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’तलं ‘मानसी राजहंस पोहतो’ त्यांचं. राजा बढ्यांचे शब्द आणि पुलंची चाल असलेलं ‘माझिया माहेरा जा’ त्यांनीच घरोघरी पोचवलं. ‘आराधना’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं. २००१ साली त्या गेल्या.

पुढच्या जूनमध्ये तो मजकूर तुमच्याकडे आला आणि पुढे पाठवावासा वाटला, तर पाठवणाऱ्याला आधी एवढंच विचारा: कमलाबाई गोखले, हिराबाई बडोदेकर आणि पद्मावती वर्तक यांची नावं यात कुठे आहेत?